टँगोचा अमर कंठ : कार्लोस गार्देल

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस. तेथील चाकारिता स्मशानभूमीत एका हसतमुख पुरुषाचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. दर्शनास येणारे लोक तेथे फुले वाहतात आणि पुतळ्याच्या बोटांत पेटती सिगारेट अडकवून जातात. हा पुतळा कोणा सेनापतीचा नव्हे, कार्लोस गार्देल ह्या गायकाचा आहे.

११ डिसेंबर १८९० रोजी फ्रान्समधील तुलूझ शहरी त्याचा जन्म झाला. पित्याचे नाव त्याला लाभले नाही. १८९३ साली त्याची माता बेर्त ह्या दोन वर्षांच्या बाळासह महासागर ओलांडून अर्जेंटिनास आली. परक्या नगरीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिने त्याला वाढविले.

टँगो हे मूळचे गोरगरिबांच्या वस्तीतले नृत्यसंगीत. प्रतिष्ठित मंडळी त्यास नाके मुरडीत. १९१७ साली गार्देलने 'मी नोचे त्रिस्ते' हे विरहगीत ध्वनिमुद्रित केले आणि त्या नृत्यसंगीतातून जणू भावगीत जन्मास आले.

१९३५ च्या 'एल दिया के मे किएरास' ह्या चित्रपटात नायकाची पत्नी मरण पावते व तो शोकगीत गातो. शब्द आल्फ्रेदो ले पेरा ह्यांचे, चाल गार्देलची. आपल्या सावित्रीने यमाकडून पती परत मिळविला. ह्या नायकास ते भाग्य नाही. मृत्यूने प्रिया नेली, परंतु प्रेम मागेच राहिले. ते घेऊन जावे कोठे, हे न कळून तो गातो.

त्याच वर्षी २४ जून रोजी कोलंबियातील मेदेयिनच्या विमानतळावर दोन विमानांची टक्कर झाली. गीत लिहिणारा आणि गाणारा दोघेही एकाच आगीत गेले. गार्देल अवघा ४४ वर्षांचा होता. त्याची वृद्ध माता तेव्हा फ्रान्समध्ये होती. १९३३ च्या मृत्युपत्रात त्याने आपले सर्वस्व तिच्याच नावे लिहिले होते. परंतु पुत्राविना त्या धनाचे तिला काय? ती ब्वेनोस आयरेसला परतली. १९४३ साली ती निवर्तली आणि पुत्राच्याच समाधिस्थानी विसावली.

२००३ साली युनेस्कोने त्याच्या मूळ ध्वनिमुद्रिकांचा जागतिक स्मृतिसंग्रहात समावेश केला. गार्देल दिवसेंदिवस अधिकच चांगला गातो, असे तेथील लोक आजही म्हणतात. मृत मनुष्याचा गळा सुधारत नसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. विद्यार्थिमित्रांनो, वाढत असते ते ऐकणाऱ्याचे प्रेम.