मॅफेकिंगचा दुभाषी

किंबर्ली म्हटले की आपल्याला हिऱ्यांची खाण आठवते. दक्षिण आफ्रिकेतल्या या गावात २०१४ साली नवे विद्यापीठ सुरू झाले आणि त्याला नाव दिले गेले सॉल प्लाट्जे याचे. गंमत अशी, की या माणसाने कॉलेज सोडाच, हायस्कूलचाही उंबरा ओलांडलेला नव्हता. आणि त्याच देशात आज एक तक्रार सतत कानांवर येते, की पदवी घेतलेल्या मुलांना इंग्रजीत चार ओळींचा अर्ज धड लिहिता येत नाही. बारा अधिकृत भाषांचा हा देश. घरी इंग्रजी बोलणारे शेकडा दहासुद्धा नाहीत, पण कॉलेजची विद्या बहुतेक सगळी इंग्रजीत. मग शाळा अर्ध्यावर सोडलेल्या प्लाट्जेला ती भाषा इतकी कशी साधली?

त्याचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, बोशॉफजवळच्या एका शेतावरचा. आईबाप त्स्वाना बोलणारे, बारोलाँग जमातीचे. पोराचे नाव बायबलमधले सॉलोमन, आडनाव डच, घरचे नाव त्शेकिशो. म्हणजे नुसत्या नावातच तीन भाषा. तो वाढला जर्मन मिशनच्या आवारात. शेतावर डच, पाद्रीबाबांच्या घरी जर्मन, वर्गात इंग्रजी. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या गोष्टी आणि म्हणी अस्सल त्स्वानात. पाद्रीबाईंनी त्याला शाळेबाहेर शिकवणी दिली. पुढे त्याला सात-आठ भाषा येत, त्यांचे मूळ या अंगणात आहे.

१८९४ मध्ये तो किंबर्लीच्या टपाल खात्यात तारा वाटू लागला. तिथल्या आफ्रिकी कारकुनांनी आणि शिक्षकांनी एक मंडळ काढले होते. संध्याकाळी जमायचे, एकाने निबंध वाचायचा, इतरांनी त्याच्या इंग्रजीतल्या चुका काढायच्या. फी नाही, परीक्षा नाही. मला वाटते, प्लाट्जेचे खरे कॉलेज हेच. १८९६ च्या सुमारास त्याने तिथल्या नाट्यगृहात ‘हॅम्लेट’ पाहिले आणि शेक्सपिअरचे जे वेड लागले ते मरेपर्यंत सुटले नाही. (तोवर आपल्याकडे आगरकरांचे ‘विकारविलसित’ येऊन तेरा वर्षे झाली होती.) पुढे एलिझाबेथ म्बेले या शिक्षिकेवर त्याचे मन बसले. ती खोसा, हा त्स्वाना. दोन्ही घरांचा विरोध. दोघांची प्रेमपत्रे चालली ती इंग्रजीत! १८९८ मध्ये लग्न झाले.

त्याच वर्षी तो मॅफेकिंगच्या न्यायालयात दुभाषी झाला. त्याच्या आयुष्याचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मॅजिस्ट्रेट इंग्रज, फिर्यादी बोअर, आरोपी त्स्वाना किंवा खोसा. मधला माणूस एक शब्द चुकला, तर निरपराध माणूस तुरुंगात जायचा. दुभाष्याच्या कामावर प्लाट्जेने पुढे एक निबंध लिहिला, त्याचा सारा रोख हाच आहे. दोन्ही भाषा पुऱ्या यायला हव्यात, एक पुरी आणि एक अर्धी असून चालत नाही. भाषेचे ज्ञान म्हणजे पगारवाढीची पायरी, एवढाच अर्थ त्याने कधी धरला नाही. पगाराचे म्हणाल, तर टायपिंग आणि डच या विषयांच्या सरकारी परीक्षेत तो सबंध केप वसाहतीत पहिला आला होता.

ऑक्टोबर १८९९ ते मे १९०० असा २१७ दिवस मॅफेकिंगला बोअरांचा वेढा पडला. त्या काळात तो वार्ताहरांचे टंकलेखन करी आणि स्वतःची इंग्रजी रोजनिशी लिही. ती छापून आली १९७३ मध्ये. नोकरी सोडून १९०२ पासून त्याने इंग्रजी-त्स्वाना वृत्तपत्र चालवले. १९१२ मध्ये आजच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या मूळ संघटनेचा तो पहिला सरचिटणीस झाला. १९१३ च्या जमीन कायद्याने आफ्रिकी माणसाला शेकडा सात एकरांवर कोंडले, तेव्हा शिष्टमंडळाबरोबर लंडनला जाऊन त्याने त्या अन्यायावर पुस्तक लिहिले. ते १९१६ मध्ये निघाले. त्याच वर्षी त्याने सातशेहून अधिक त्स्वाना म्हणींचा संग्रह काढला आणि डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाबरोबर त्स्वाना वाचनपाठही. शहरातल्या पोरांच्या तोंडून त्स्वाना निसटत चालल्याचे त्याला दिसत होते.

त्याच्या मागून या भाषांचे फार वाईट झाले. १९५३ च्या कायद्याने गोऱ्या सरकारने आफ्रिकी मुलांना आठवीपर्यंत मातृभाषा दिली, पण शिक्षण मुद्दाम हलके ठेवले. त्यामुळे मातृभाषा म्हणजे सापळा, असे आईबापांच्या मनात बसले. १९७६ मध्ये आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध सोवेटोची मुले रस्त्यावर आली आणि गोळ्यांना बळी पडली. स्वातंत्र्यानंतरही बहुतेक मुले तिसरीपर्यंत घरच्या भाषेत आणि चौथीत एकदम इंग्रजीत, असेच चालत राहिले. २०२१ च्या वाचनचाचणीत चौथीतल्या शंभरांपैकी ८१ मुलांना कोणत्याही भाषेत वाचलेले समजत नव्हते. पदवीधराचा मोडका अर्ज तिथे तयार होतो. २०२५ पासून चौथीच्या पुढेही घरच्या भाषेची जोड द्यायला सुरुवात झाली आहे. फार उशीर झाला, पण झाली. बँकेत मी कर्जाचे असंख्य अर्ज वाचले. आपली गरज मराठीत नीट सांगणाऱ्याचे इंग्रजी कच्चे असले तरी मुद्दा कळे. अडत असे तो दोन्हीकडे अधांतरी असलेला.

‘म्हुडी’ ही त्याची इंग्रजी कादंबरी दहा वर्षे प्रकाशक शोधत राहिली. १९३० मध्ये ती छापली गेली, दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयाची पहिली इंग्रजी कादंबरी म्हणून. त्याच वर्षी ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चा त्याचा त्स्वाना अनुवादही निघाला. शेक्सपिअरची आणखी काही नाटके त्याने त्स्वानात आणली होती. १९ जून १९३२ रोजी जोहान्सबर्गला न्यूमोनियाने तो गेला. किंबर्लीत त्याचे दफन झाले. त्याचा ‘ज्युलिअस सीझर’ १९३७ मध्ये विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने छापला. बाकीच्या हस्तलिखितांचा पत्ता लागला नाही.