बळी मोजणारे आणि मान देणारे

क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की मुंबईत संघनिवडीचा प्रश्न निवड समितीपुरता राहत नाही. माझगावच्या गोदीत, लालबाग-परळच्या चाळींत, गिरगावच्या खाणावळींत आणि कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत कोणाला खेळवावे, कोणाला वगळावे आणि नेतृत्व कोणाकडे असावे, याचे निवाडे रोज होत असतात. ही हौस शंभर वर्षांहून जुनी आहे. तिरंगी, चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामन्यांच्या काळात तिला विलक्षण धार होती. त्या काळातील वादांत पालवणकर बाळू यांच्या नावाभोवती झालेला वाद आजही विचार करायला लावणारा आहे.

१८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू वाढले पुण्यात. वडील लष्करी नोकरीत होते. पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टी दाबणे आणि सभासदांना चेंडू टाकणे ही बाळूंची पहिली नोकरी. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर गेले. ग्रेगसारख्या नामांकित इंग्रज फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. मात्र तेथे त्यांच्या हाती चेंडू आला, बॅट आली नाही. फलंदाजी हा साहेबाचा हक्क आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती सरळ वाटणी होती.

युरोपियनांना हरवायचे, तर हा गोलंदाज आपल्याकडे हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले. काहींच्या नाराजीनंतरही त्यांना संघात घेण्यात आले. परंतु मैदानावर ज्या हाताने टाकलेला चेंडू सर्वांनी झेलायचा, त्याच हातात चहाच्या वेळी मंडपाबाहेर वेगळे मातीचे भांडे दिले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता. या विसंगतीचे कोणाला फारसे नवल वाटले नाही, हेच त्या समाजाचे खरे चित्र होय.

प्लेगच्या दिवसांच्या आसपास बाळू मुंबईत आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात स्थान मिळाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे बहुतेक सामने हातचे गेले, परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पस्तिशी गाठलेल्या, दुखऱ्या खांद्याच्या गोलंदाजाची ही कामगिरी होती.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. बळी मोजता येतात, त्यांपुढे पूर्वग्रहाला बोलता येत नाही. कर्णधारपद मात्र कोणीतरी द्यावे लागते आणि जातीचा विचार तेथे आडवा येतो. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले व नेतृत्वाच्या बाबतीत पालवणकर बंधूंना डावलले गेले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली तक्रार उघडपणे लोकांपुढे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. समितीला नमते घ्यावे लागले. बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असताना काही काळ संघ त्यांच्या हुकमतीत खेळला. तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला, पण तो मागावा लागला, ही गोष्ट विसरता येत नाही.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात शिरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत, माझगावच्या शेजारच्या भायखळा-परळ भागातून, थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकर १३,२४५ मते मिळवून निवडून आले. बाळूंना ११,२२५ मते पडली. अस्पृश्य समाजाच्या एका पिढीने ज्याच्या पराक्रमाचा अभिमान बाळगला, त्यालाच त्या समाजाच्या सर्वांत समर्थ नेत्यासमोर उभे करण्यात आले. उमेदवारी देणाऱ्यांनी खेळाडूची लोकप्रियता वापरली, असे म्हटले तर ते अन्यायाचे ठरणार नाही. त्याबरोबरच बाळूंना स्वतःचे राजकीय मत होते आणि स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते, हेही नोंदविले पाहिजे. ज्याला आयुष्यभर इतरांनी केवळ साधन मानले, त्याला आपणही केवळ साधन समजणे योग्य नव्हे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पंचरंगी सामने त्याआधीच, १९४६ मध्ये, कायमचे बंद पडले होते.

क्रिकेटमुळे जातिभेद मोडला, असे समाधान बाळूंच्या चरित्रातून काही जण काढतात. ते अर्धसत्य आहे. मैदानाने त्यांना संधी दिली ती त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते म्हणून. मान मिळू लागला तो पालवणकर बंधूंनी खेळायला नकार दिला आणि प्रेक्षकांनी त्यांची बाजू घेतली तेव्हा. म्हणूनच हंगामात गल्लोगल्ली रंगणाऱ्या चर्चेला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून मोडीत काढू नये. अकरा जणांत कोण असावे याबरोबरच अकरांच्या पुढे कोणाला उभे करायला आपण कचरतो, हा प्रश्नही तिने विचारला पाहिजे. १९२० साली मुंबईकर रसिकांनी तो विचारला होता, आणि समितीला त्याचे उत्तर द्यावे लागले होते.