अभियंता दिन : विश्वेश्वरय्यांचं चरित्र हाताने शिकवूया



15 सप्टेंबरला आपण शाळेत अभियंता दिन साजरा करतो. फोटोला हार, दोन भाषणं, संपलं. पण इंजिनिअर नेमकं करतो काय, असं तिसरी-चौथीच्या मुलांना विचारून बघा. बिल्डिंग बांधतो, याच्या पुढे उत्तर सहसा जात नाही. म्हणून यंदा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं चरित्र जरा वेगळ्या तऱ्हेने सांगूया.

त्यांचा जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी स्वतःचा खर्च भागवला. पुढे म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, इंजिनिअरिंग शिकायला आले. 1883 मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. लगेच 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. नाशिक, धुळे, पुणे ही त्यांची कर्मभूमी. म्हणजे हा माणूस घडला तो आपल्या महाराष्ट्रात.

धुळे भागात पांझरा नदीच्या परिसरात नळाचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. पुण्याजवळ खडकवासल्याला अडचण वेगळी होती. भिंत न वाढवता धरणात जास्त पाणी साठवायचं होतं, पण पूर आला तर धरणाला धोका नको. त्यांनी 1903 मध्ये तिथे स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दार आपोआप उघडायचं, पातळी उतरली की मिटायचं.

आता आपल्या भागाशी त्यांचा संबंध बघा. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबादेत हजारो माणसं दगावली. आजचे नांदेड आणि लातूर जिल्हे तेव्हा याच निजामाच्या राज्यात होते. पुन्हा असं होऊ नये म्हणून निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवा, हा त्यांच्या योजनेचा गाभा. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. ज्या पाण्याने शहर बुडवलं, तेच पाणी शहराला प्यायला मिळू लागलं!

पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, कावेरीवर कृष्णराजसागर झालं, 1955 मध्ये भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी ओलांडून 1962 मध्ये ते गेले.

आता वर्गात काय करायचं?

पहिला प्रयोग सायफनचा. गवंडीकाका लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. मध्ये खाली सोडून तिची दोन्ही टोकं वर धरा आणि रंगीत पाणी ओता. पाणी खाली उतरून पलीकडे तेवढंच वर चढतं. आता एक टोक थोडं खाली घ्या, पाणी तिथून बाहेर पडेल. मग मुलांना विचारा, ओढ्याच्या पलीकडच्या शेतात पाणी कसं न्याल?

दुसरा प्रयोग दाराचा. पेन्सिलीवर फूटपट्टीचा तराजू करा. एका टोकाला पुठ्ठ्याचं दार दोऱ्याने बांधा, दुसऱ्या टोकाला कागदी पेला. प्लास्टिकच्या डब्याला वरच्या बाजूला भोक पाडून त्यात उतरती स्ट्रॉ बसवा आणि तिचं तोंड पेल्यावर आणा. डबा भोकापर्यंत भरला की पाणी पेल्यात पडतं, पेला जड होतो आणि दार उचललं जातं. हा खडकवासल्याचा हुबेहूब नमुना नाही, पण पाण्याकडूनच दार उघडून घ्यायची कल्पना तीच.

पहिल्यांदा दार बहुधा उचलणार नाही. तेव्हा लगेच हात घालू नका. पेला मोठा घ्यायचा की पेन्सिल सरकवायची, हे मुलांनाच ठरवू द्या. इंजिनिअरिंग तिथेच सुरू होतं. पालकहो, घरी डबे, दोरे, झाकणं फेकण्याआधी एकदा मुलांना विचारा.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि नांदेडला पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदाकाठची घरं धास्तावतात. एकीकडे टंचाई, दुसरीकडे पूर. ही दोन्ही गणितं उद्या आपल्याच वर्गातल्या कुणालातरी सोडवायची आहेत. त्याची सुरुवात यंदाच्या 15 सप्टेंबरला एका डब्यापासून होऊ द्या.