वॉलपोलचे कपाट

होरेस वॉलपोल म्हणजे ‘कॅसल ऑफ ओट्रांटो’चा (१७६४) लेखक, गॉथिक कादंबरीचा जनक. आम्हा कादंबरीवाल्यांना तो एवढाच ठाऊक. मला मात्र तो भेटला एका कपाटापाशी.

लघुचित्रे आणि मिनाकारीच्या वस्तू ठेवण्यासाठी हे भिंतीवरचे कपाट त्याने १७४३ साली करवून घेतले. पडौक लाकडाने मढवलेले. दारांवर हस्तिदंतातली उठावचित्रे, माथ्यावर पॅलाडिओ, इनिगो जोन्स आणि द्यूकेनॉय या तीन कलावंतांचे हस्तिदंती पुतळे. नुकताच इटली पाहून आलेला हा तरुण तेव्हा जेमतेम पंचविशीचा. मग पैसा कुठला? वडील सर रॉबर्ट वॉलपोल म्हणजे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जातात ते. त्यांनी मुलाला लावून दिलेल्या सरकारी पदांपैकी एक होते कोषागाराला कागद, लेखण्या, शाई पुरवण्याचे! बँकेत स्टेशनरीच्या व्हाउचरांवर सह्या करण्यात माझी वर्षे गेली. त्या खात्यातून असे कपाट निघते हे कुणी सांगितले नव्हते.

पुढे ट्विकनहॅमला थेम्सच्या काठी त्याने स्ट्रॉबेरी हिल हे घर घेतले आणि मनोरे-कमानी चढवून त्याचा छोटा किल्ला केला. कपाट तिथल्या ‘ट्रिब्यून’ दालनात गेले. घर पाहायला दिवसाला फक्त चौघे, मुलांना मज्जाव. घरातल्या वस्तूंची यादी त्याने स्वतः लिहिली आणि १७७४ साली स्वतःच्याच छापखान्यात छापली.

१७७९ साली पुतण्याने घराण्याचा चित्रसंग्रह रशियाच्या कॅथरीनला विकला. वडिलांनी जमवलेली ती चित्रे परदेशी गेल्याचे दुःख होरेसला फार झाले. १७८४ साली त्याने आपली यादी वाढवून पुन्हा छापली. याला कुणी योगायोग म्हणेल. मी म्हणणार नाही.

लग्न नाही, मूलबाळ नाही. १७९७ साली तो गेला तेव्हा घर मृत्युपत्राप्रमाणे आधी शिल्पकार अ‍ॅन डेमर हिच्याकडे आणि पुढे वॉल्डग्रेव्ह घराण्याकडे गेले. कागद चोख होते. तरीही १८४२ साली सातव्या अर्ल वॉल्डग्रेव्हने लिलाव पुकारलाच. तो चोवीस दिवस चालला. कपाट घराबाहेर पडले ते अखेर १९२५ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतले.

२०१८ साली जगभर पांगलेल्या वस्तूंपैकी कित्येक स्ट्रॉबेरी हिलमध्ये प्रदर्शनासाठी पुन्हा जमवल्या गेल्या. त्या हुडकताना अभ्यासकांच्या हाताशी होती ती वॉलपोलचीच यादी.