हाफकिन आणि हुबळीची लस

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपण सर्वांनीच ऐकलेले असते. ते नाव ज्यांचे, त्यांच्या कार्याचा एक मोठा अध्याय मात्र आपल्या हुबळीत घडला. देशपांडे नगरातल्या नव्या पिढीला तो ठाऊक असावा, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात रात्रंदिवस खपून त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःच्याच अंगावर आजमावली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. टोचलेल्यांत प्लेग कमी आढळला. तरीही कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आम्हाला आजही पडतो.

१८९८ मध्ये साथ हुबळीत आली. लस नवी होती, अनुभव तोकडा होता. पण थांबावे तर घरेच्या घरे ओस पडत होती. तेव्हा इथल्या हजारो लोकांनी दंड पुढे केला आणि त्यातून कित्येक जीव वाचले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी मात्र एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लस लवकर व भरपूर मिळावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत घेतली होती. ठपका तिच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. पुढे उलगडले, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० साली लोझान येथे ते निवर्तले.

आज २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नीतिसमितीची मान्यता, रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि इजा झाल्यास भरपाई आवश्यक आहे. या अटींनी उशीर होतो, अशी तक्रार ऐकू येते. घरात दुर्धर आजार असलेल्याला ती पटतेही. अशा वेळी आपण हुबळी आठवावी, आणि मुलकोवालही.