आगाखान आणि त्यांचा बहराम

आगाखान पॅलेस म्हटलं की आम्हा पुणेकरांना गांधीजी आणि कस्तुरबा आठवतात. पण तो बांधणारे तिसरे आगाखान घोड्यांचे केवढे शौकीन होते, हे मला फार उशिरा कळलं. जन्म १८७७ साली कराचीत. लहानपण मुंबई-पुण्याला, घरच्या अरबी घोड्यांमध्ये. पुढे त्यांनी आयर्लंडात किल्डेअरला घोड्यांची पैदास सुरू केली. तिथल्या चुनखडीच्या जमिनीतलं गवत खाऊन शिंगरांची हाडं मजबूत होतात.

१९३२ मध्ये आयर्लंडातच बहराम जन्मला. नऊ शर्यती धावला, नऊही जिंकला. १९३५ची डर्बी त्यातलीच. पण १९४० मध्ये, ऐन युद्धात, त्यांनी तो अमेरिकेला विकला आणि तिकडच्या घोडेवाल्यांचे बोल खाल्ले. बहराम शेवटी अर्जेंटिनात मेला. १९५७ साली आगाखान स्वित्झर्लंडात वारले. आपलीही मुलंबाळं दूर गेली, म्हणून की काय, ही गोष्ट मला लागून राहते.