सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग

रेडिओचें नांव निघालें कीं मार्कोनी यांचें स्मरण सर्वांस होतें. परंतु जुन्या रेडिओच्या पेटींत मंद प्रकाशानें तेवणाऱ्या ज्या कांचेच्या नळ्या, म्हणजे व्हाल्व, असतात, त्यांचा जनक कोण हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्याच पुरुषाचें चरित्र आम्ही येथें विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

फ्लेमिंग यांचा जन्म इंग्लंडांत लँकेस्टर येथें ता. २९ नोव्हेंबर १८४९ रोजीं झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. शिक्षणाच्या खर्चासाठीं नोकरी करीतच फ्लेमिंग यांनीं १८७० सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतून पदवी मिळविली. पुढें कांहीं वर्षें शाळेंत शास्त्र शिकविल्यावर १८७७ सालीं ते केंब्रिज येथें पुनः विद्यार्थी झाले आणि थोर शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्यापाशीं शिकले. शिक्षकानें पुनः बांकावर बसावें यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. १८८५ सालीं ते आपल्या जुन्या कॉलेजांत प्राध्यापक झाले व १९२६ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्या काळीं विजेचे दिवे आंतून काळे पडत. एडिसन यांना असें आढळलें होतें कीं, दिव्यांत धातूचा पत्रा बसविल्यास तप्त तारेपासून त्या पत्र्याकडे पोकळींतूनही वीज वाहते. फ्लेमिंग यांनीं या चमत्काराचा चिकाटीनें अभ्यास केला. ही वीज एकाच दिशेनें वाहते, हें त्यांनीं पक्कें ध्यानांत ठेविलें. मात्र तिचा फारसा व्यावहारिक उपयोग पुष्कळ वर्षें झाला नाहीं.

१८९९ पासून ते मार्कोनी यांच्या कंपनीचे सल्लागार होते. ता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं अटलांटिक महासागरापलीकडे जो बिनतारी संदेश पोहोंचला, त्याच्या प्रेषक यंत्राची आखणी त्यांचीच होती. परंतु त्यांस ऐकूं कमी येई. कानाशीं धरलेल्या यंत्रांतील क्षीण आवाज टिपणें त्यांस कठीण जाई. म्हणून संदेश डोळ्यांनीं पाहतां यावा असा मार्ग ते शोधूं लागले. तेव्हां त्यांस त्या जुन्या दिव्यांचें स्मरण झालें. उलटसुलट धांवणारी वीज त्या दिव्यानें एकमार्गी केली! ता. १६ नोव्हेंबर १९०४ रोजीं त्यांनीं या व्हाल्वच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पुढें अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यांनीं तींत तिसरा अवयव घातला, आणि क्षीण आवाज मोठा करण्याची वाट खुली झाली. या शोधाच्या श्रेयाबद्दल दोघांत दीर्घकाळ वाद चालला. ज्यांस स्वतःस नीट ऐकूं येत नव्हतें, त्यांच्या शोधामुळें जगाच्या घराघरांत वाणी पोहोंचली, हें मात्र निर्विवाद होय.

१९२९ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. ता. १८ एप्रिल १९४५ रोजीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं, सिडमथ येथें ते प्रभूकडे गेले. त्यांस अपत्य नव्हतें. आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनीं ख्रिस्ती धर्मादाय संस्थांस ठेविला.

आतां एक सूचना. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचा व्हाल्वचा रेडिओ पडून असेल, आणि तो उघडून दुरुस्त करण्याचा मोह होईल. जिज्ञासा चांगली, पण सावधगिरीही तितकीच हवी. अशा पेटींत शेंकडों व्होल्टांची वीज खेळते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत ती सांठून राहते आणि प्राणघातक धक्का देऊं शकते. कांहीं यंत्रांत तर लोखंडी सांगाडाच थेट विजेच्या तारेस जोडलेला असतो. वर्षानुवर्षें बंद असलेला रेडिओ एकदम चालू करूं नये. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं जाणत्या कारागिराकडून तो आधीं तपासून घ्यावा. काळ्या पडलेल्या दिव्याचें मर्म ध्यानांत येण्यास फ्लेमिंग यांस कित्येक वर्षें लागलीं. आमच्या मुलांनींही थोडा धीर धरावयास काय हरकत आहे?